नुसता दांडा

जुनी जीप विकली त्या दिवशी पुंजाजी रडला नाही, याचंच वस्तीवर सगळ्यांना नवल वाटलं. बावीस वर्षं त्या जीपचे जेवढे लाड झाले तेवढे घरात कुणाचे झाले नव्हते. बायकोवर त्यानं कधी छत्री धरली नसेल, पण जीपवरची ताडपत्री एक दिवस चुकली नाही.

पण त्याचं तरी काय चुकलं म्हणा! धाड गावाहून डोंगराकडे निघालं की वस्तीच्या अलीकडेच डांबरी सडक संपते. पुढे म्हसोबाची चढण उतरायची, नाला ओलांडायचा, मग दोनेक किलोमीटर काळ्या मातीचा गाडरस्ता. उन्हाळ्यात कुणीही जाईल. पावसाळ्यात मात्र वस्तीवरून बाहेर पडायचं तर ती चढण चढावी लागते, आणि तिथली माती अशी चिकट की बैलसुद्धा गुडघे टेकतात. पुंजाजीच्या जीपला मोठ्या गियरच्या शेजारी एक लहान दांडा होता. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही जोर लावायची आणि जीप चढण चढून जायची. वस्तीवरची दुखणाईतं, बाळंतिणी, नवऱ्या मुली, सगळ्या त्या दांड्याच्या भरवशावर सडकेला लागल्या होत्या. "आपली फोर बाय फोर हाय," हे वाक्य पुंजाजी दिवसातून चारदा म्हणायचा, कुणी विचारलेलं नसलं तरी.

आता जीपच्या कागदांची मुदत संपत आली होती, पार्ट मिळेनासे झाले होते. तेवढ्यात संभाजीनगरचा एक हौशी माणूस आला आणि जुन्या जीपला चांगली किंमत देऊन गेला. त्या पैशांत एक स्वस्तातली, कमी जुनी गाडी येत होती आणि वर पोरीच्या बाळंतपणालाही काही उरत होतं. चिखलीच्या एका दलालाकडे तशीच गाडी होती. तोच आकार, तोच लहान दांडा.

पुंजाजीनं आजवर दुसऱ्यांच्या शंभर गाड्या खाली झोपून तपासून दिल्या असतील. पण स्वतःची घ्यायला तो गेला, तो मुहूर्तावर. अंगात सत्यभामाबाईनं नीळ घालून दिलेला पांढरा सदरा-पायजमा, कपाळाला बुक्का. गाडी उभी होती ती ऑइलनं माखलेल्या जमिनीवर. दलाल मोठा हुशार. पुंजाजी गाडीभोवती फिरतोय तोवर त्यानं हार घातला, नारळ फोडला आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्याकडे रीत अशी की लिंबं चिरडली की सौदा पक्का. त्यानंतर खोट काढणं म्हणजे आपणच आपल्या लक्ष्मीला नाव ठेवणं. पुंजाजीनं दांडा ओढून पाहिला, खट्‌ आवाज झाला, त्याचं समाधान झालं. गाडी पुढे घेतली, लिंबं चिरडली.

तिसऱ्या दिवशी गाडी धुताना तो पोतं अंथरून खाली सरकला, आणि तसाच पडून राहिला. पुढच्या चाकांना जोर पोचवणारा लोखंडी शाफ्ट जागेवर नव्हताच. काढून टाकलेला. दांडा होता, पण तो ओढून पुढे काहीच होणार नव्हतं. गाडी धुणं अर्धवट टाकून पुंजाजी तडक धाडला निघाला.

कारण घरात प्रेरणा होती. एकुलती एक पोर, पहिलटकरीण, आठवा सरून नववा लागलेला. तिचे सासरे किसनराव संभाजीनगरला राहतात. त्यांनी दोनदा सांगितलं होतं, "आमच्या घरापासून दवाखाना पाच मिनिटांवर आहे. पावसापाण्याचं तिकडं कशाला नेता?" त्यावर पुंजाजी छाती फुगवून म्हणाला होता, "पहिलं बाळंतपन माहेरीच होते आमच्यात. अन् पावसाचं काय सांगता इवाई, आपली फोर बाय फोर हाय!" असं म्हणून पोरीला तो घेऊन आला होता.

धाडला अब्दुल गनी मिस्त्रीनं गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि हात पुसले. त्याची आणि पुंजाजीची वीस वर्षांची दोस्ती.

"सडकेवर धंदा करनारे काढून टाकतात, भाऊ. डिझेल कमी लागते. दांडा ठेवतात तसाच, शोभेले. तुम्ही खाली पाह्यलं नाही?"

पांढरा सदरा मळेल म्हणून खाली सरकलो नाही, हे पुंजाजी कसं सांगणार?

"शाफ्ट भेटन. जालन्याच्या भंगारात सांगून ठेवतो. शुक्रवारपर्यंत पाहू. पन तोवर पोरीले इथी आनून ठेवा. माह्या घरी ठेवा. घरवाली सुगराबी हाय, पोरी हायेत, कशाची कमी नाही पडनार."

"लोकायले काय सांगू?"

"जे हाय ते सांगा."

"नाही गनी. डॉक्टरनं पंधरा दिवस पुढची तारीख देल्ली. तू शाफ्ट पाह्य. अन् कोनाले बोलू नको."

गनीनं मान हलवली, पण ते त्याला पटलं म्हणून नव्हे.

घरी पुंजाजीनं तोंडातून ब्र काढला नाही. सत्यभामाबाईनं विचारलं, "काऊन गेलते धाडले?" तर म्हणाला, "ऑइल बदलाले." वस्तीवरची माणसं गाडी पाहायला यायची, दांड्याला हात लावायची, आणि हा मिशीत हसायचा. आतून मात्र तोंडचं पाणी पळालेलं. रोज सकाळी उठून गाडी पुसायचा, जणू पुसून पुसून शाफ्ट उगवणार होता. प्रेरणा पाठीला उशी लावून ओट्यावर बसायची आणि बापाकडे पाहत राहायची. तिनं नुसती कूस बदलली तरी याचं फडकं जागच्या जागी थांबायचं.

मग झड लागली. भादव्यातली झड, ना धड पाऊस ना उघाड, तीन दिवस नुसतं झिमझिम. सोयाबीनच्या रानात पाणी साचलं. पुंजाजी रोज नाल्यापर्यंत पायी जाऊन चढण पाहून यायचा. चढणीवर आता पाऊल ठरत नव्हतं. शुक्रवार आला आणि गेला. गनीकडून काही कळलं नाही, आणि आपणहून फोन करायला पुंजाजी घाबरला. गनी नाही म्हणाला तर मग सगळ्यांना सांगावंच लागलं असतं.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला प्रेरणानं ओट्याचा खांब धरला आणि खाली बसली. सत्यभामाबाई एका नजरेत समजली. ॲम्ब्युलन्ससाठी एकशेआठला फोन लागला. त्यांनी सांगितलं, सडकेपर्यंत येतो, चढणीच्या खाली गाडी उतरणार नाही, तुम्ही पेशंट वर आणा.

"हाव हाव, आनतो! आपली गाडी हाय!" सत्यभामाबाई फोनवर ओरडली.

पुंजाजीनं खुंटीवरची किल्ली काढली. तेवढ्यात शेजारचा माणिकराव ट्रॅक्टर घेऊन दारावरून चालला होता. त्यानं गलका ऐकून ट्रॅक्टर थांबवला.

"पुंजाजी, मांगं मांगं येऊ का? साखळी हाय माह्याजवळ. लागली तं ओढून घेतो."

देव दारात उभा राहतो तो असा, चिखलानं माखलेला आणि विडी ओढत. एक "हो" म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. पण माणिकरावाची बायको, त्याचे भाऊ, सगळी वस्ती दारात जमलेली. आणि बावीस वर्षांच्या सवयीनं पुंजाजीचं तोंड आपोआप उघडलं.

"साखळी कायले? फोर बाय फोर हाय आपली."

माणिकराव हसला, "ते बी खरंच हाय," म्हणाला आणि नाल्याच्या उलट्या अंगाला आपल्या वावरात निघून गेला. त्या ट्रॅक्टरचा आवाज लांब जाताना पुंजाजीनं ऐकला. इतकी भीती त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी त्यानं हाक मारली नाही. याला काय म्हणावं? माणूस स्वतःच्या पोरीपेक्षा स्वतःच्या मिशीला जपतो, दुसरं काय!

गाडरस्ता कसाबसा निभला. नाल्यात गुडघाभर पाणी होतं, तेही पार पडलं. मागच्या सीटवर प्रेरणा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. कळ आली की ती ओरडायची नाही, नुसता श्वास धरायची. तो धरलेला श्वास पुंजाजीला इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता.

चढण समोर आली. पुंजाजीनं जोर घेतला. गाडी तीस-चाळीस हात वर गेली, मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखल उडून काचेवर आला. गाडी थोडी मागे घसरली, उजवीकडे कलली आणि थांबली. उजवीकडे नाल्यात उतरणारी दरड होती.

"अहो, तो लहान दांडा ओढा ना!" सत्यभामाबाई म्हणाली.

पुंजाजीनं दांडा ओढला. खट्‌ वाजलं. त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं ओढला, आणि पुन्हा जोर दिला. मागची चाकं आणखी खोल गेली. पुढची चाकं ढिम्म.

"अजून ओढा! बरोबर लागला नसंन!"

त्यानं पुन्हा ओढला. घामानं हात निसटत होता. गाडी वीतभर दरडीकडे सरकली आणि सत्यभामाबाई किंचाळली. फोन काढला, तर चढणीच्या खालच्या अंगाला रेंजचा एक दांडाही नव्हता.

"ओढा ना हो! काय करून राह्यले तुम्ही?"

"त्याले पुढं काही जोडेलंच नाही," पुंजाजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "शाफ्ट नाही त्यात. मले ठाऊक होतं. पयलेपासून ठाऊक होतं."

सत्यभामाबाईनं त्याच्याकडे जे पाहिलं ते तो मरेपर्यंत विसरणार नाही. पण बोलली ती प्रेरणा.

"बाबा, दार उघडा. पायी जाऊ."

सत्यभामाबाई पदर खोचून पुढे पळाली, वर ॲम्ब्युलन्सवाल्यांना हाक द्यायला. त्या निसरड्यावर ती दोनदा पडली, दोनदा उठली आणि वळणाआड गेली. उरले बाप-लेक. पुंजाजीनं चपला काढून फेकल्या, बोटं चिखलात रोवली आणि पोरीला कमरेतून धरलं. एक पाऊल, मग थांबायचं. दुसरं पाऊल, मग थांबायचं. पाऊस चालूच होता.

अर्ध्यात पोचले आणि मोठी कळ आली. प्रेरणा तिथंच धोंड्यावर बसली, बापाचं मनगट धरलं आणि नखं रुतवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पुंजाजीला वाटलं, आता इथंच. इथं चिखलात, माझ्या हातावर, आणि मला काही येत नाही. गाडीचा बोल्ट न्‌ बोल्ट ओळखणारा माणूस, पण पोरीच्या कपाळावरचा घाम पुसण्यापलीकडे त्याला काही सुचेना. त्यानं म्हसोबाला हाक मारली, गावच्या देवीला मारली, शेवटी कुणाला मारतोय हेही कळेना. "बाई, धीर धर. माह्यं चुकलं, बाई. माह्यं चुकलं," एवढंच तो बडबडत राहिला.

वरून माणसं स्ट्रेचर घेऊन घसरत खाली आली तेव्हा त्याला कुणीतरी बाजूला ढकललं. त्याचं मनगट प्रेरणाच्या मुठीतून सोडवावं लागलं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात बाळ झालं तेव्हा बारा वाजून गेले होते. मुलगी झाली होती. पण ती लगेच रडली नाही. नर्स तिला कपड्यात गुंडाळून दुसऱ्या खोलीत घेऊन गेली आणि दार लागलं. दोन तास पुंजाजी त्या दारासमोर उभा होता. चिखलाचे पाय, अनवाणी. बाकड्यावर बसायचं त्याला धाडस होईना. किसनरावांचा फोन वाजत होता, तो उचलायचंही धाडस होईना. सत्यभामाबाई दोन हातांच्या अंतरावर बसली होती आणि त्याच्याकडे पाहत नव्हती. आतून काही आवाज आला की तो दाराला कान लावायचा.

अडीचला दार उघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ आता मोकळं रडतंय. श्वास नीट चालू आहे. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं." शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या.

संध्याकाळी त्याला आत सोडलं. प्रेरणा पडल्या पडल्या पाळण्याकडे पाहत होती. तो पलंगाच्या पायाशी उभा राहिला. आत्ता कुठे त्याला आठवलं, की चढणीवर त्यानं शाफ्टचं सांगितलं तेव्हा पोरीला नवल वाटलं नव्हतं.

"तुले मालूम होतं?" त्यानं विचारलं.

"गनीचाचांचा फोन आल्ता शुक्रवारी. तुम्ही आंघोळीले गेलते, मी उचलला. शाफ्ट अजून आठ दिवस भेटत नाही म्हने, तवर दांडा नुसता शोभेले. तुम्हाले सांगजो म्हनले."

"मंग बोलली काऊन नाही, बाई? तू भीत नव्हती का?"

"लय भीत होती." तिच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं. "दोन राती झोप नव्हती मले. पन तुम्ही रोज सकाळी गाडी पुसत होते, अन् मी ओट्यावर बसून वाट पाहून राह्यली होती. बाबा आज सांगतीन, आज सांगतीन. आज सकाळी माणिककाका दारात आले, तवा बी वाट पाह्यली." ती थांबली. "मी हासली असती का तुम्हाले, बाबा?"

पाळण्यात पोर कुरकुरली. प्रेरणानं तिकडे हात नेला. पुंजाजीला पोरीच्या डोळ्याला डोळा देता आला नाही, आणि तो आपल्या मनगटावरच्या नखांच्या खुणांकडे पाहत राहिला.