डोळे मिटून मारलेले टोमणे

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो, आणि आज जरा मला बोलू द्या! इतकी वर्षं सगळे माझ्यातून बोलले, मला कुणी विचारलं का? नाही!

रविवार कारंजाजवळच्या दुकानातून मला आणलं तेव्हा काय माझं कौतुक! नाशकातली आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना सभा. पाळक धनराज सर मला रुमालात गुंडाळून न्यायचे. आता डोक्याला पोचा, वायरीला चिकटपट्टी, आणि जो उठतो तो आधी माझ्या टाळक्यावर टकटक करतो, "हॅलो, हॅलो!" अरे, आहे मी! जिवंत आहे!

पण खरा वैताग वेगळाच. शास्त्र माझ्यातूनच वाचतात, म्हणजे सगळ्यात जवळून ऐकतो मी. येशू म्हणाला, प्रार्थनेत उगाच बडबड करू नका, तुम्हाला काय हवंय ते पित्याला आधीच ठाऊक आहे. सगळे म्हणतात "आमेन", आणि लगेच बडबड सुरू! येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागला तेव्हा काय म्हणाला? प्रभू, वाचवा! झालं, एवढंच! आमचे सावळीराम काका असते ना तिथं, तर आधी आकाश आणि पृथ्वी घडवल्याबद्दल आभार मानत बसले असते, नाकात पाणी जाईपर्यंत.

आणि हे काका आणि त्यांची सख्खी धाकटी बहीण लंकाबाई, यांनी तर माझा जीव खाल्लाय. नाताळात लंकाबाईंनी भावाकडं फराळाचा डबा पाठवला, काकांनी तो रिकामाच परत केला. रिकामा डबा, बहिणीला! तेव्हापासून बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद. देवाशी चालू, माझ्यातून, डोळे मिटून!

परवाच्या शुक्रवारी तर कहर झाला. लंकाबाईंच्या हर्षालीचं लग्न सोमवारी. तिचे वडील नाहीत. चर्चच्या दारातून वेदीपर्यंत तिला हात धरून नेणार कोण? मामाच ना! आणि मामा येणार की नाही तेच कुणाला माहीत नाही. लंकाबाईंच्याच घरी सभा, पोरगी कोपऱ्यात नखं खात बसलेली. पाळकांनी वाचलं पण नेमकं तेच: अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. सगळ्यात मोठ्यानं आमेन कोण म्हणालं? हेच दोघं!

मग काकांनी मला उचललं. "हे दयाळू बापा, काही बहिणी, नाव नाय घेत, तुला ठावं हाय, पत्रिका शेजारच्याच्या हाती धाडतात. त्यांना रीत शिकव."

लंकाबाईंनी मला हिसकावलंच. "प्रभू, काही भाऊ सख्ख्या भाचीच्या लग्नातसुद्धा मान मागतात. त्यांचं मन मोठं कर. लय बारीक आहे ते."

"आमेन," मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

अरे, देवाला काय निरोप्या समजलात का? दोन हातांवर बसलाय भाऊ!

तेवढ्यात हर्षालीनं मला घेतलं. म्हटलं, आता हिचं ऐका. तर आवाजच नाही! नुसते ओठ हलताहेत.

"मोठ्यानं, बाळा," काका म्हणाले. "ऐकू नाय येत."

"ते तुमच्यासाठी नव्हतं, मामा," ती म्हणाली, आणि टक! माझं बटण बंद करून मला सतरंजीवर ठेवलं.

मला बायबलातली हन्नाच आठवली, मंदिरात अशीच ओठ हलवणारी. एली याजकाला वाटलं, ही प्यायलीय! देवानं मात्र ऐकलं. माईक नव्हता तेव्हा.

प्रार्थना का थांबली म्हणून लंकाबाईंनी डोळे उघडले. त्याच वेळी काकांनीही. डोळ्यांत डोळे! लंकाबाई उठल्या, माझ्या वायरीत पाय अडकला, पडता पडता भावाच्याच खांद्याचा आधार घेतला.

"दादा, ऊठ."

"अगं, प्रार्थना चालू हाय!"

"राहू दे. तू पुढं हो, तुझ्या घराचं दार उघड. मी मागून पत्रिका घेऊन येते. घरी येऊनच बोलावते, मग तर झालं?"

काका चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "मला बरोबर ने की. एकटा जाऊन दारात कशाला उभा राहू?"

गेले दोघं! भर प्रार्थनेतून! पाळकांनी मला उचललं, "आपण डोळे मिटू या" म्हणाले. कुणी मिटतंय? सगळी मंडळी खिडकीशी! हर्षाली तेवढी जागेवर बसून रडत होती, हसतही होती.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला रुमालात गुंडाळा, पावसात भिजवू नका, हे तर कराच. पण हातात घ्यायच्या आधी जरा खोलीत बघा. जे बोलायचंय ते ज्याला सांगायचं, तो तिथंच बसला असेल ना, तर मला खाली ठेवा आणि उठा. देव थांबतो. त्याला घाई नसते.