शुक्रवारची चादर

मी एक जुनी, पांढरी चादर आहे. पलंगावरची नव्हे हं, मित्रांनो, जेवणाच्या टेबलावरची. आणि तीही रोजची नव्हे, फक्त शुक्रवार संध्याकाळची. हा फरक आधीच सांगून टाकलेला बरा, कारण आम्हा कापडांमध्येही मानपान असतो. सध्या मी पनवेलजवळ सुकापूरला, दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर ऊन खात पडले आहे. रस्त्यावरून जाणारे वर बघतात आणि बुचकळ्यात पडतात. एका बाजूने पाहिलं तर मी चादर आणि दुसऱ्या बाजूने रंगीबेरंगी गोधडी. जन्मापासून मी अशी नव्हते. ते कसं घडलं, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म रिव्काबाईंच्या हातचा. पनवेलच्या बाजारातून त्यांनी साधं मांजरपाट आणलं, चारी कडा दुमडून शिवल्या आणि भोवती क्रोशाची लेस विणली. त्यांचा मुलगा राफेल तेव्हा एवढासा होता. दोऱ्याचा गुंडा घेऊन तो घरभर पळायचा आणि पाठीत धपाटा खायचा. माझ्या लेसच्या एका कोपऱ्यात अजून एक फूल वाकडं आहे. तो त्या धपाट्याचाच प्रसाद.

हे घर मराठी ज्यूंचं, बेने इस्राएलांचं. शुक्रवारी दिवस मावळला की यांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी आभाळात तारे दिसेपर्यंत. तेवढ्या वेळात काम बंद. शिवण नाही, उसवण नाही, कात्रीला हात लावायचा नाही. शुक्रवारी वाती लावायच्या, काळ्या मनुकांच्या सरबतावर प्रार्थना म्हणायची आणि नारळाच्या रसातल्या माशाच्या कालवणासकट सगळी ताटं माझ्यावर मांडून एकत्र जेवायचं. एरवी टेबलावर प्लास्टिकचा फुलाफुलांचा कपडा असतो. त्याच्यावर दूध सांडतं, कोणी कोपर टेकून पेपर वाचतो. त्याची मला दया यायची. मी मात्र नीळ घालून, इस्त्री करून कपाटात, कडुलिंबाच्या पाल्यात झोपलेली. आठवड्यातून एकदाच उठायचं, पण उठायचं ते राणीसारखं!

रिव्काबाई गेल्या, त्यांची सून सिप्पोरा माझी मालकीण झाली. सिप्पोरा पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर सुया टोचून घरी आलेल्या बाईने पुन्हा सुई हातात का घ्यावी, हे मला कधी कळलं नाही. पण तिला गोधड्यांचा नाद लागला. सुरुवात झाली मुलीच्या, ओर्लीच्या, आखूड झालेल्या फ्रॉकांपासून. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहून चौकोन जुळवणं सुरू झालं, आणि मग काय विचारता! मिक्सरला गोधडी, गॅस सिलिंडरला गोधडी, डब्याला गोधडी. शुक्रवारची संध्याकाळ सोडली तर जेवणाचं टेबल कायमचं चिंध्यांनी भरलेलं. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवायची आणि डाळीत दोरा निघाला तरी कोणी काही बोलायचं नाही.

बोलायचा तो एकटा राफेल. तो तळोज्याला कारखान्यात सुपरवायझर आहे.

"माझा निळा शर्ट कुठाय?" तो कपाटात डोकं घालून ओरडायचा.

"तुमच्या पायाखाली आहे. पायपुसण्याच्या मधल्या चौकोनात," सिप्पोरा शांतपणे सांगायची.

"अगं, चांगला होता तो!"

"म्हणूनच मधोमध लावला ना."

त्यानंतर राफेल आपले शर्ट ऑफिसच्या बॅगेत लपवून ठेवू लागला. मला मनातून हसू यायचं, पण थोडी भीतीही वाटायची. बाईच्या हातात कात्री आणि नजरेत जुनं कापड. उद्या तिची नजर माझ्यावर पडली तर?

या नादात तिला जोडीदारीण मिळाली ती खालच्या मजल्यावरची गुणाबाई. गुणाबाई इथल्याच मूळ गावातली, सासूच्या हाताखाली गोधड्या शिकलेली. तिची रीत जुनी. कडेने सुरुवात करायची आणि चौकात चौक घालत आत आत यायचं, शेवटी मधला वीतभर चौक. सिप्पोराची रीत मोबाइलची. दोघींचं रोज भांडण आणि रोज चहा. टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसायच्या, कारण जमिनीवर बसायला दोघींचेही गुडघे तयार नव्हते. तोंडं सुयांपेक्षा जास्त चालायची.

मग एक दिवस ओर्लीला डेहराडूनला प्रवेश मिळाला, जंगलांचा अभ्यास करायला. घरात पेढे वाटले गेले. ओर्ली कधी घर सोडून राहिली नव्हती. सिप्पोराने तिला एकच प्रश्न विचारला.

"तिथे शुक्रवारी काय करशील?"

"मम्मी, हॉस्टेलमध्ये एकटीने कसला शब्बाथ?" ओर्ली हसून म्हणाली. "मेसमध्ये राजमा असेल तो खाईन आणि ताणून देईन."

 सिप्पोरा उठली आणि चिंध्यांची पेटी ओढून बसली. मुलीला थंडी वाजेल म्हणून गोधडी, असं तिने सगळ्यांना सांगितलं. पण मी कपाटाच्या फटीतून तिचं तोंड पाहत होते. तिला थंडीची काळजी नव्हती. मुलगी शुक्रवारी कुठल्या टेबलाशी बसेल, याची होती. आणि खरं सांगू? मलाही तीच लागून राहिली होती. ओर्लीने बोळक्या तोंडाने पहिला घास सांडला होता तो माझ्यावर.

गोधडी झपाट्याने वाढत गेली. फ्रॉकांचे तुकडे, सिप्पोराच्या लग्नातल्या साडीचे काठ, गुणाबाईच्या हिरव्या लुगड्याची एक पट्टी. आत जुन्या साड्यांचे थर. ओर्ली शनिवारी रात्रीच्या गाडीने निघणार होती, आणि शुक्रवार दुपार झाली तरी मधला चौक बाकी होता.

आता चूक कशी झाली ते ऐका. दर शुक्रवारी दुपारची जेवणं आटोपली की सिप्पोरा टेबल पुसते आणि मला अंथरते. तिच्या हातांना ही सवय इतकी जडली आहे, की डोक्याला विचारायला ते थांबत नाहीत. त्या दिवशीही हातांनी टेबल पुसलं, मला अंथरलं. तेवढ्यात गुणाबाई आली. "चल चल, सांज व्हायच्या आदी उरकूया," म्हणत तिने गुंडाळलेली गोधडी थेट माझ्यावर उलगडली. मी ओरडले असते, पण मला तोंड कुठे? दोघी मान खाली घालून शिवत सुटल्या. बोलणं चाललं होतं गुणाबाईच्या मुलाला, परेशला, कशी मुलगी बघावी याचं. लांब सुई खाली येई, मला टोचून वर जाई. एक टाका, दुसरा टाका. होणाऱ्या सुनेच्या स्वयंपाकावरून दोघींचा वाद रंगला आणि तिकडे मी पुरती शिवली गेले.

"झाली!" सिप्पोराने शेवटची गाठ मारली आणि मोठ्या थाटात गोधडी उचलली.

गोधडीबरोबर मीही उठले. लेससकट.

 गुणाबाईने कपाळावर हात मारला. "अगो बाय! ही चादर कुटना आली?"

"सासूबाईंची चादर!" सिप्पोराचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला. तिने कात्री उचलली. एवढ्यात राफेल दारात. अंगावर कारखान्याचा गणवेश, हातात पाव आणि मनुका.

त्याने माझ्याकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं. "आता माझ्या आईलाही शिवलंत?" तो म्हणाला. मित्रांनो, तो थट्टाच करत होता, पण आवाज जरा कापलाच.

"आत्ता उसवते, आत्ता."

"खिडकीतून बघ." बाहेर दिवस बुडत चालला होता. "वाती लावायच्या की उसवत बसायचं?"

सिप्पोराने कात्री खाली ठेवली. डोळ्यांत पाणी तरारलं तिच्या. तेव्हा ओर्ली पुढे आली आणि तिने आम्हां दोघींना धरून सरळ उलटं केलं. गोधडी खाली, मी वर. "हे बघ, मम्मी. चादर आहे ना टेबलावर? आणि गुणामावशी, तुम्हीपण जेवायला थांबायचं."

"थांबते की. माजीच चूक हाय अर्दी," गुणाबाई म्हणाली.

त्या दिवशीच्या जेवणाइतकी मजा मी कधी पाहिली नाही. खाली मऊ गोधडी, त्यामुळे ताटं डुलायला लागली. कालवणाची वाटी एका बाजूला झुकली की सगळे तिच्यावर झडप घालायचे. राफेलने गंभीर चेहऱ्याने प्रार्थना म्हटली, सरबताचा पेला खाली ठेवला, आणि पेला लवंडला. जांभळट सरबत माझ्या अंगावर पसरलं, माझ्यातून झिरपून गोधडीच्या मधल्या चौकात उतरलं.  आणि राफेलच हसत सुटला, इतका की त्याला ठसका लागला. मग सगळेच हसले. एवढा मोठा डाग माझ्यावर पडला आणि मला राग म्हणून आला नाही.

शनिवार उजाडला तो मात्र मला जड गेला. दिवसभर कात्री शिवणाच्या डब्यावर पडून होती, जणू माझी वाट बघत. संध्याकाळी राफेल गॅलरीत गेला, तारे पाहून आला, शब्बाथ संपला. ओर्लीची बॅग दाराशी तयार होती. सिप्पोराने चष्मा लावला आणि मधला चौक पुढ्यात ओढला.

"आमच्यात मदला चौक उसवत नाय," गुणाबाई दारातूनच म्हणाली. "माजी सासू सांगाची, गोदडीचा जीव त्यात असतो."

"पण ही चादर यांच्या आईची. मी ती अशी कशी देऊ?"

सगळ्यांनी राफेलकडे पाहिलं. तो माझ्याजवळ आला. माझा कोपरा हातात घेऊन त्याने ते वाकडं फूल शोधलं आणि अंगठ्याने जरा चोळलं. मी जीव मुठीत धरला होता, मित्रांनो. एकीकडे वाटे, सोडवा मला, माझं कपाट, माझा मान. दुसरीकडे वाटे, मग हिच्या शुक्रवारचं काय?

"राहू दे," राफेल म्हणाला. "आईने मला धपाटा घालून शिवलीये ही. पोरीसोबत जाऊ दे."

"पप्पा, मग तुमच्या टेबलावर?" ओर्लीने विचारलं.

"आमचं आम्ही बघू. तू गाडी चुकवू नकोस."

अशी मी घडी होऊन बॅगेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा पनवेल सोडलं. डेहराडूनची थंडी म्हणजे काय विचारता! पण ओर्ली माझ्याखाली, म्हणजे आमच्याखाली, गाढ झोपायची. ज्यांना मी इतकी वर्षं हलकं समजत होते, त्या गोधड्यांची ऊब मला तिथे पहिल्यांदा कळली. कपाटात झोपून काढलेल्या रात्रींचं मला जरा वाईटच वाटलं.

पहिला शुक्रवार आला. ओर्ली मेसमध्ये राजमा खाऊन आली आणि पलंगावर पडली. मी मनात म्हटलं, संपलं. पण तिला झोप येईना. तिचा हात मधल्या चौकावरच्या त्या डागावर गेला. थोड्या वेळाने ती उठली. खोलीतली दोन अभ्यासाची टेबलं तिने जोडली, आम्हांला उचललं आणि उलटं केलं. गोधडी खाली, मी वर. मग दोन मेणबत्त्या खिडकीत लावल्या, कपात मनुका भिजवल्या. मैत्रिणी डोकावल्या. एकीने मठरी आणली, एकीने आईने दिलेलं लोणचं. ताटल्या डुलल्या, लोणचं सांडलं, सगळ्या हसल्या. सिप्पोराला फोनवर हे दिसलं तेव्हा ती नुसती चष्मा पुसत राहिली. मागून गुणाबाईच ओरडत होती, "कोपरं टाच गो! चादर फडफडतेय!"

मग शनिवारी तारे दिसल्यावर ओर्लीने जन्मात पहिल्यांदा सुई धरली आणि माझे चारी कोपरे गोधडीला टाचले. टाके असे, की बघून रिव्काबाईंनी धपाटाच घातला असता. मला ते फार आवडतात. आता आठवड्याचे सहा दिवस मी पोटाशी आणि शुक्रवारी टेबलावर.

आता सुट्टीला ओर्ली घरी आली आहे आणि मला ऊन दाखवलं जातंय. आज शुक्रवार. आत टेबलावर माझी जागा भरलेली आहे. कोणी भरली, ठाऊक आहे? मी गेले त्याच आठवड्यात राफेलने बॅगेतून आपले लपवलेले पांढरे शर्ट काढले आणि न सांगता सिप्पोरापुढे ठेवले. त्यांची चादर झाली आहे. तिच्या एका कडेला अजून खिसा आहे आणि त्यात तो मजेत आपला चष्मा ठेवतो. पोरगी नवखी आहे, पण घराण्याला शोभेलशी आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. चांगल्या वस्तू फक्त कपाटात जपू नका, त्यांना माणसांत येऊ द्या. डाग पडला तर पडू दे. गोधडी शिवायला बसाल तेव्हा आधी खाली काय अंथरलंय ते जरूर बघा. आणि बघायचं राहिलंच, नको ते नको त्याला शिवलं गेलंच, तर लगेच कात्री शोधू नका. आधी एकदा उलटून बघा.

ओर्ली हाक मारतेय. वाती लावायची वेळ झाली. आज दोघी चादरी एकावर एक अंथरणार आहेत म्हणे. ताटं चांगलीच डुलणार!