घासून लख्ख केलेलं खापर

मित्रांनो, मातीचं भांडं म्हटलं की तुम्हाला पाण्याचा माठ आठवेल. माझं काम वेगळं. मी एक जुनं खापर आहे. चुलीवर मला पालथं घालतात, खाली जाळ करतात आणि माझ्या तापलेल्या पाठीवर मांडा भाजतात. मांडा म्हणजे पुरण भरून, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवत ताणलेली भली मोठी पोळी. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि घरोघर मांडे होतात.

माझा जन्म पारोळ्याकडच्या राघो कुंभाराच्या अंगणात झाला. तिथून सरलाबाईंनी मला सुरतेला आणलं. त्यांचे यजमान शालिग्राम उधन्याच्या मिलमध्ये कामाला होते. भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये सरलाबाई मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समोरचा एक प्रवासी म्हणाला, "काकू, लेकराला टोपडं नाही घातलं?" सगळा डबा हसला. सरलाबाईंनी मात्र गोधडी आणखी घट्ट केली.

वर्षातून एकदा, फार तर दोनदा माझं काम असे. उज्ज्वला आणि कुंदन ही त्यांची मुलं चुलीशेजारी ताट घेऊन बसायची. वर्षं गेली तशी पुरण आणि तूप मुरून माझी पाठ काळी, तुकतुकीत झाली. ती काळी पाठ हीच माझी कमाई होती. तिच्यावरून मांडा अलगद सुटत असे. उरलेलं वर्ष मी माळ्यावर पोत्याखाली.

प्लेग येऊन गेला आणि सुरत शहर झाडून-पुसून निघालं. त्यानंतरच्या वर्षी कुंदनचं लग्न झालं. सून अश्विनी जालन्याची. मोठी टापटिपीची आणि मायाळू मुलगी. तिच्या माहेरी मांडे करत नसत, त्यामुळे खापर तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि स्वयंपाकघर कसं होतं म्हणता! सरलाबाई काहीच टाकत नसत. दांड्या तुटलेल्या कढया, झाकण हरवलेले डबे, पिशवीत कोंबलेल्या पिशव्या. अश्विनीनं विचारलं की सरलाबाईंचं अहिराणीत एकच उत्तर असे, "राहू दे माय, लागस," म्हणजे लागतं कधीतरी.

आखाजीला चार दिवस उरले होते. सरलाबाई भाचीच्या हळदीसाठी कडोदऱ्याला गेल्या. सासूबाईंना आनंदाचा धक्का द्यावा म्हणून अश्विनीनं सगळं स्वयंपाकघर गॅलरीत काढलं. फळ्या पुसल्या, कागद घातले, डबे उंचीप्रमाणे लावले. माळ्यावरून मी हाती लागताच ती म्हणाली, "अगं बाई, किती मळलंय हे!" पण फेकलं नाही. धुण्याची पावडर आणि तारेची घासणी घेऊन तिनं मला तीन तास घासलं. मग चुंबळीवर उताणं ठेवून माझ्यात कांदे भरले.

संध्याकाळी सरलाबाई आल्या. मोकळा ओटा पाहून हसल्या. "आपलंच घर शे ना हाई?" तेवढ्यात शेजारच्या मंजुलाबेन दारात डोकावल्या आणि म्हणाल्या, "सरलाबेन, नवो घडो लाव्या?" म्हणजे नवा घडा आणलात का?

सरलाबाईंची नजर माझ्यावर पडली. त्या खालीच बसल्या.

"तीन तास लागले, आई," अश्विनी कौतुकानं म्हणाली. "सगळा मळ गेला."

"मळ नव्हता व तो. पंधरा वरीसना मांडा व्हतात त्या."

लग्नानंतरची उज्ज्वलाची ती पहिलीच आखाजी होती. धुळ्याहून तिचं पोस्टकार्ड आलं होतं : 'आई, साडी-बिडी काही नको. मांडे कर.'

कुंदननं बाजार पालथा घातला. माठ मिळाले, कुंड्या मिळाल्या, खापर कुठेच नाही. शालिग्राम म्हणाले, "यंदा तव्यावर कर. पोटात गेल्यावर कोण बघतं?" सरलाबाईंनी नुसतं पाहिलं आणि ते पेपर घेऊन बाहेर गेले.

अश्विनी रडू लागली. "मला कोणी सांगितलंच नाही. वर काय आहे विचारलं की तुम्ही म्हणता, राहू दे, लागतं."

सरलाबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "हाई बी खरं शे. चाल, ऊठ. रडीसन साबण निघत नही."

माझ्या मातीत मुरलेला साबण निघावा म्हणून दोन दिवस त्यांनी मला पाण्यात बुडवून ठेवलं. दर थोड्या वेळानं अश्विनी पाणी बदलायची आणि नाक लावून वास घ्यायची. तिसऱ्या दिवशी मला कडक उन्हात वाळवलं. आखाजीच्या सकाळी अंगणात तीन विटा मांडल्या, जाळ केला आणि तेलाचं फडकं माझ्या पाठीवरून फिरवलं.

पहिला मांडा चिकटला आणि फाटला. दुसरा निम्मा सुटला. दोन्हींचे तुकडे अश्विनीनं हट्टानं स्वतः खाल्ले.

"कसा शे?" सरलाबाईंनी विचारलं.

"स्वच्छ लागतो," ती म्हणाली. पाणावलेल्या डोळ्यांनी दोघी हसत सुटल्या.

इतक्यात रिक्षा थांबली. उज्ज्वला आली. पिशवीही न ठेवता विटांशेजारी उकिडवी बसली. सरलाबाईंनी तिसरा मांडा ताणून माझ्यावर टाकला. अश्विनीनं श्वास रोखून उलथनं कडेखाली घातलं. कड सुटली. मग सगळा मांडा सुटला, अख्खा!

उज्ज्वलानं तुपात बुडवून मोठा घास घेतला. चावता चावता थांबली. "आई, थोडा साबणाचा वास येतो का गं?"

अश्विनीनं मान खाली घातली.

"येऊ दे," उज्ज्वला म्हणाली आणि ताट पुढे केलं. "वहिनी, अजून एक टाक."

आखाजीनंतर सासू-सुना मिळून पुन्हा सगळी भांडी काढून बसल्या. सरलाबाई एकेका वस्तूची हकिगत सांगत गेल्या, आणि सांगता सांगता पाच फुटक्या कढया त्यांनी स्वतःच्या हातानं भंगारात घातल्या. मला खालच्या फळीवर जागा मिळाली. तिथे अश्विनीच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'सणाचं. साबण लावू नये.'

म्हणून माझं सांगणं, मित्रांनो, घर जरूर आवरा. अडगळीत कोणालाच सुख नसतं, आम्हा भांड्यांनाही नाही. पण अनोळखी वस्तू हाती आली तर आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, "हिचं काम काय?" आणि मोठ्यांनो, मुलांनी विचारलं तर नुसतं 'राहू दे' म्हणू नका. दोन घटका त्यांच्याजवळ बसा आणि सांगा.