वसुंधराबाईंचा निळा

निधीने नव्या मॉनिटरवर रंग मोजायचं यंत्र टेकवलं, तोच मागून सासूबाईंचा आवाज आला.

"आधी ती ओढणी काढ. तिचा केशरी रंग स्क्रीनवर पडतो."

निधीने निमूटपणे ओढणी काढली. लग्नाच्या अल्बमचे रंग सुधारायला बसताना वसुंधराबाई स्वतः राखाडी साडीच नेसत. सुदामा नगरातल्या या खोलीत रंगांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि त्याचा त्यांना चांगलाच तोरा होता.

सहा महिन्यांपूर्वी फोटो छापणाऱ्या चिंतामण यांच्या लॅबमधून एक अल्बम निळसर छापून आला. वसुंधराबाईंनी तिथे जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना खडसावलं आणि काम दुसऱ्या लॅबला द्यायला लागल्या. तिथून तर प्रत्येकच अल्बम निळा यायला लागला. मग खापर जुन्या मॉनिटरवर फुटलं. पंधरा दिवस दुकानं पालथी घालून निधीने हा निवडला होता, चकाकी नसलेला, नेमके रंग दाखवणारा. यावरही जमलं नाही तर धंदा बंद, असं वसुंधराबाईंनी जाहीर करून टाकलं होतं.

यंत्राने एकेक रंग मोजून संपवला.

"एकदम परफेक्ट आहे, आई. बघा आता."

वसुंधराबाईंनी काळा चष्मा उतरवला. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तो सतत नाकावर होता. आज पहिल्यांदाच काढायची परवानगी होती. डाव्या डोळ्याचं अजून व्हायचं होतं. समोर कोरी पांढरी स्क्रीन. त्यांनी उजवा डोळा झाकला. मग डावा. पुन्हा उजवा.

"यंत्र खराब आहे का गं?"

"नाही हो. का?"

"डाव्याने बघते तर चहा सांडल्यासारखं पिवळं. आणि उजव्याने..." त्या थांबल्या. "अगं बाई, केवढं पांढरं आहे हे!"

त्यांनी खिडकीचा पडदा सारला आणि वर पाहिलं.

"आभाळ रोज एवढं निळं असतं?"

"रोजच," निधी म्हणाली.

त्या बराच वेळ हरखून बघत राहिल्या. मग शेवटचा अल्बम उघडायला सांगितला. उजव्या डोळ्याला नवरीचे हात निळे दिसले, अक्षतासुद्धा निळ्या. पिवळेपणा होता त्यांच्या डोळ्यात, आणि तो घालवायला त्या फोटोंत निळा ओतत आल्या होत्या. त्यांनी फोन लावला.

"चिंतामण भिया, तुमची मशीन सही होती. गलती माझी होती."

पलीकडून चिंतामण म्हणाले,

"भाभीजी, दोन साल तुमच्या फाइली निळ्याच येत होत्या. मी निळा कमी करून छापायचो. तो निळा अल्बम छापला त्या दिवशी मी बाहेरगावी, देपालपुरला गेलो होतो, तर फाइल जशीच्या तशी छापली गेली."

"आणि मी सगळ्यांसमोर एवढं बोलले, तेव्हा का नाही सांगितलं?"

"रंग बघायला तुमच्याकडूनच तर शिकलो. तुम्हाला काय सांगणार होतो?"

फोन कानाशी तसाच धरून वसुंधराबाईंनी भांडणाआधीचे अल्बम काढायची निधीला खूण केली. नमुन्याला ठेवलेल्या प्रती कपाटात होत्या. डावा डोळा झाकून त्या पान पान उलटत गेल्या.

दोन वर्षांतल्या एकाही पानावर निळा जास्त नव्हता.