वारं नव्हे, गुठळी!

आपल्याकडे घरात कुणी आजारी पडलं, की प्रत्येक जण धन्वंतरी होतो. पंचवटीतल्या ढुंढिराज गुरुजींच्या घरी हा मान त्यांच्या धाकट्या भावाचा, देवव्रतरावांचा. बँकेतून निवृत्त झालेला शिकलासवरलेला माणूस. पण औषधाचा विषय निघाला की दुसऱ्याला बोलू देईल तर शपथ!

२००९ सालातली हिवाळ्याची सकाळ. गुरुजी पूजेला बसले होते. रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण त्या दिवशी मंत्र म्हणताना त्यांची जीभ अडखळली. हातातली पळी गळून पडली, तोंड वाकडं झालं. त्यांच्या पत्नी उत्तराबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"वहिनी, दादाच्या अंगावरून वारं गेलंय!" देवव्रतराव ओरडले. "आधी खिडक्या लावा, घोंगडी आणा. दिंडोरीला एक जण वाऱ्यावरचं तेल देतो. गाडी काढून घेऊनच येतो."

"आणि दवाखाना?"

"उतार पडला नाही तर उद्या बघू. वारं गेलेल्या माणसाला बाहेर काढतात का कुणी?"

वाचकहो, हसू नका. हा शब्दच असा आहे, की ऐकल्याबरोबर आपलाही हात खिडकीकडे जातो. उत्तराबाईंनीही खिडकी लावली. घोंगडी घालताना मात्र त्यांना नवऱ्याचे डोळे दिसले. भेदरलेले होते, काहीतरी सांगू बघत होते आणि सांगता येत नव्हतं. ह्या माणसाची वाचाच गेली तर? घोंगडी तिथेच टाकून त्यांनी समोरच्या डॉक्टर सविताला हाक मारली.

सविताने गुरुजींना हात उचलायला लावले. उजवा उचलेना.

"काकू, कधी झालं हे?"

"आत्ताच, पूजेत."

"मग लगेच निघायचं."

"अगं, पण बाहेरचं वारं..." देवव्रतराव आडवे आले.

"काका, वाऱ्याचा काय संबंध? मेंदूकडे जाणाऱ्या नसेत रक्ताची गुठळी अडकली असेल, नाहीतर नस फुटली असेल. ते स्कॅनमध्ये कळेल. नळ आतून तुंबला तर बाहेरून तेल चोळून पाणी येतं का? आपण बोलतोय तोवर मेंदू मरतोय!"

देवव्रतरावांना पटलं नव्हतं, पण वहिनी चपला घालून दारात उभ्या होत्या.

शहरातल्याच द्वारका चौकाजवळच्या इस्पितळात स्कॅन झाला. गुठळीच होती, तीही मोठ्या नसेत. ती विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं, पण फरक पडेना.

"मुंबईला एक नवा उपचार सुरू झालाय," सविता म्हणाली. "जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि गुठळी ओढून बाहेर काढतात. धोका आहे, काकू. खात्री देता येत नाही. पण वेळेत पोचलो तर आशा आहे."

"जांघेतून डोक्यात?" देवव्रतरावांनी कपाळावर हात मारला.

"न्या ह्यांना," उत्तराबाई म्हणाल्या.

कसारा घाटात ट्रकांची रांग लागली होती. रुग्णवाहिका जागची हलेना. देवव्रतरावांनी स्ट्रेचरवरच्या भावाकडे पाहिलं, आणि दार उघडून ते खाली उतरले. एकेका ट्रकसमोर हात जोडत धावू लागले. "भाऊ, गाडी जरा बाजूला घ्या हो! माझा दादा आहे आत! मी तर त्याला घरातच कोंडून ठेवत होतो!" रडत होते आणि धावत होते. ट्रकवाल्यांनी भराभर वाट करून दिली.

मुंबईत गुठळी निघाली. तांदळाच्या कणीएवढी! एवढ्याशा कणीने एक भरला संसार मुका केला असता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींची उजवी बोटं हलली. हात अजून जड होता. डॉक्टरांनी उत्तराबाईंकडे बोट दाखवून विचारलं, "गुरुजी, ह्या कोण?"

ओठ थरथरले. बराच वेळ शब्द येईना. मग हळूच आला, "उत्... उत्तरा."

उत्तराबाईंनी तोंडाला पदर लावला. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव त्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं!

वाचकहो, गुठळी प्रत्येकाची निघतेच असं नाही. पण उशीर झाला, तर निघूनही उपयोग नसतो. म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, की खिडक्या लावत बसू नका. माणसाला उचला आणि इस्पितळ गाठा. आपलं माणूस आपल्याला पुन्हा नावाने हाक मारील, ह्याहून मोठं औषध जगात कुठलं आहे?