ओढणीवरचा सोनकिडा

माझ्या सासूबाई, सूरजबाई, म्हणजे चोपड्यातल्या आमच्या जैन गल्लीच्या धर्माच्या फौजदार. कोण पाणी न गाळता पितं, कोण दिवस मावळल्यावर जेवतं, कोणाच्या घरातून कांद्याचा वास येतो, सगळं त्यांना ठाऊक. आम्ही त्यांना बाईजी म्हणायचो. बाईजी समोरून येताना दिसल्या की बायका आधी तोंड पुसायच्या. हसू नका, मीही पुसायचे.

माझं लग्न सत्त्याऐंशीचं. माझं माहेर धुळ्याचं, वडिलांचं तिथं छोटंसं किराणा दुकान. लेकीच्या लग्नात आई, यशोदाबाई, स्वतःच्या लग्नातला जांभळा रेशमी शालू नेसली होती. तिच्याकडे भारी म्हणावी अशी तेवढी एकच साडी. वरात दाराशी आली, आई ताट घेऊन जावयाला ओवाळायला पुढे झाली, तोच बाईजींनी हात आडवा केला.

"विहीणबाई, आमच्याकडे रेशीम चालत नाही. जिवंत किडे उकळून काढतात ते. एवढी हत्या अंगावर घेऊन माझ्या लेकाला ओवाळू नका."

ढोलवाला वाजवायचा थांबला, एवढी शांतता झाली. आई ताट खाली ठेवून आत गेली, रोजचं सुती पातळ नेसून आली. तोवर माझ्या मामीनं ओवाळूनही टाकलं होतं. आणि मला काय वाटलं असेल? मला माझ्या आईचीच लाज वाटली. हिला एवढंही कळू नये का, असं वाटलं. नव्या नवरीला सासूचा राग यायला हवा की नाही? पण नाही, मी आईकडे बघितलंसुद्धा नाही, खाली मान घालून बसले.

मग फेऱ्यांच्या वेळी बाईजींनी त्यांच्या घराण्यातली ओढणी माझ्या डोक्यावर घातली. "बघा, याला म्हणतात कपडा," असं सगळ्यांना ऐकवत. त्यांच्या सासूच्या सासूची ती, मारवाडातून आलेली. तांबडं सुती मलमल, त्यावर जरीच्या वेली, आणि प्रत्येक वेलीला हिरवी चकचकीत पानं. नखाएवढी, जराशी फुगीर. इकडून बघितलं तर हिरवी, तिकडून निळी. कोणी काच म्हटलं की बाईजी खवळायच्या. "काच कसली? मीना आहे मीना, जयपूरचा, दागिन्यांवर असतो तो!"

त्यानंतर आईनं आमच्या घराचा उंबरा ओलांडला नाही. बोलवलं की म्हणायची, "नको ग बाई. अंगावर, पिशवीत काहीतरी चुकीचं निघायचं, आणि तुला ऐकून घ्यावं लागायचं." संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, बाईजी सगळ्या सोयऱ्यांना क्षमापनेची छापील कार्डं पाठवायच्या. एक धुळ्यालाही जायचं. झालं, मागितली क्षमा!

मला सातवा लागला तेव्हा गोदभरणी ठरली. पर्युषण नुकतंच झालं होतं. गोद भरायला माहेरची माणसं लागतात, आई तर लागतेच. मी रात्रंदिवस तेवढाच विचार करत होते. पहिलं बाळंतपण, आणि आई समोर नसेल तर माझा धीर कसा टिकायचा? एकदा धीर करून म्हटलं, "बाईजी, आईला तुम्ही स्वतः बोलवलंत तर ती येईल."

"कार्ड गेलंय की," बाईजी म्हणाल्या. "आता काय पालखी पाठवू?"

चार दिवसांच्या पावसानंतर कडक ऊन पडलं, तशी बाईजींनी ती ओढणी गच्चीवर खाटेवर वाळत घातली. गोद भरताना माझ्या डोक्यावर तीच यायची होती. मी कठड्याला टेकून बसले होते. इतक्यात मागच्या बाभळीवरून एक सोनकिडा भिर्रर करत आला आणि ओढणीवर बसला.

"हात लावू नकोस!" बाईजी ओरडल्या. "पाय अडकेल बिचाऱ्याचा जरीत." धावत खाली जाऊन त्या पुंजणी घेऊन आल्या. पुंजणी म्हणजे लोकरीच्या मऊ धाग्यांची छोटी केरसुणी, जीवजंतूंना न दुखवता बाजूला सारायची. बाईजी खाटेशी वाकल्या आणि हळूच त्याला सारू लागल्या. तो हलेना. पुन्हा सारलं. "मेला की काय? अरे देवा, माझ्या हातून?"

आणि मला दिसलं, खरा किडा दोन बोटं अलीकडे चालत होता.

"बाईजी, तो नव्हे. हा."

त्या बघत राहिल्या. एक चालणारा, एक शिवलेला. तोच रंग, तोच फुगीरपणा, तीच उन्हातली निळी झाक. जिवंत किड्यानं पाठीवरची हिरवी झाकणं उचलली, आतले पातळ पंख पसरले आणि तो उडून गेला. बाकीचे राहिले. प्रत्येकाला दोन्ही टोकांना सुईनं भोक पाडलेलं.

'बरी जिरली!' खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं हेच आलं. गल्लीभर ओरडून सांगावं असं वाटलं. पण बाईजी तापलेल्या गच्चीवर बसल्या, तशाच, काही न अंथरता. तोंड एवढंसं झालेलं. त्या पुंजणी एकेका पंखावरून फिरवत होत्या, इतक्या हलक्या हातानं, की मला माझ्या आनंदाची शिसारी आली.

"मला माझ्या सासूनं मीना म्हणून सांगितलं ग," त्या म्हणाल्या. मग पुंजणी बाजूला ठेवून, "लग्नात मी तुझ्या आईला काय म्हणाले होते?"

"राहू द्या ना बाईजी."

"सांग. जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. मला पाठच होतं ते. 'एवढी हत्या अंगावर घेऊन' हेसुद्धा गाळलं नाही. बाईजींनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि उपास आहे असंही कोणाला म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी धुळ्याला निघालो. सासऱ्यांना त्यांनी एवढंच सांगितलं की विहिणीला आमंत्रण द्यायचंय. वाटभर त्या माझ्या पोटाला धक्का लागू नये म्हणून पुढच्या दांडीवर हात आडवा धरून बसल्या होत्या.

दारात आम्हाला बघून आई घाबरलीच. आधी चुलीकडे बघितलं, मग स्वतःच्या पातळाकडे. "पाणी गाळलेलंच आहे हं," असं तांब्या पुढे करत तिनं न विचारता सांगितलं. स्वतःच्या घरात! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

बाईजींनी तांब्या हातात घेतला नाही. उभ्यानंच हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, विहीणबाई. कार्डावरचं नव्हे. ती ओढणी... मीना नाही तो. सोनकिड्यांचे पंख आहेत. तुम्हाला मी भर मांडवात नाही नाही ते बोलले, आणि माझ्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या..."

"माले ठाऊक शे," आई पटकन म्हणाली. गोंधळली की तिच्या तोंडून खान्देशीच निघते. मग सावरून म्हणाली, "बसा तरी. माझं लहानपण सातपुड्याच्या पायथ्याचं. पावसाळ्यात आम्ही पोरी काडेपेटीत सोनकिडे पाळायचो. मेले की पंख वेणीत खोचायचो. हिच्या डोक्यावर ओढणी घातलीत तेव्हाच ओळखलं मी."

"मांडवातच?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?" बाईजींचा आवाज चढला, जणू आईनंच त्यांना फसवलं होतं. "चारचौघांत माझं तोंड तिथंच बंद झालं असतं!"

"झालं असतं की," आई म्हणाली. "पण लेक तुमच्याच घरी नांदायला यायची होती ना."

बाईजी खाली बसल्या. आईनं तांब्या पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. "आमंत्रण द्यायला आलात ना? येते मी. जरूर येते. फक्त कुठली साडी नेसून येऊ, तेवढं सांगून ठेवा. म्हणजे पुन्हा चूक नको व्हायला."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा परतवायला बाईजींना कोणी शिकवायला नको होतं. पण आई खरंच विचारत होती, उत्तराची वाट बघत उभी होती. बाईजींनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आईनं गोंधळून माझ्याकडे बघितलं, आपलं काय चुकलं असं विचारल्यासारखं, आणि मला तेव्हाही तिच्या डोळ्यांत बघवेना.