मुंग्या येतात का?

लग्नाला तेवीस वर्षं झाली, पण ह्यांच्या पोटाकडे मी इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. सकाळी खाल्लेला टोस्ट संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा पोटात बसून राहतो, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मधुमेह जुना झाला की पोटाच्या नसा मंदावतात, अन्न पुढे ढकलत नाहीत. इन्शुलिन मात्र टोचलं की कामाला लागतं. अन्न खाली पोचलेलंच नसतं, म्हणून साखर धाडकन उतरते, आणि तीन-चार तासांनी तेच अन्न एकदाचं सरकलं की भलतीच वर चढते. "म्हणजे पोट कामचुकार आणि इन्शुलिन हजेरीला पक्कं," मी म्हटलं. बाई हसल्या. हे हसले नाहीत.

हसणार तरी कसे? हे लिफ्टचे मेकॅनिक. सव्वीस वर्षं ह्यांची लिफ्टच्या टपावर उभं राहून गेली. डब्याच्या आत उभं राहायचं नाही हं, डब्याच्या वर, अंधाऱ्या खोल चौकोनात, वंगणाने माखलेल्या लोखंडावर. तिथेच एकदा साखर उतरली. एरवी खाली असणारा जोडीदार नेमका तेव्हा वर आला होता, त्याने मागून कमरेचा पट्टा धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून कंपनीने ह्यांना ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. टपावर परत जायचं तर साखर आता अचानक उतरत नाही असं डॉक्टरांचं पत्र महिनाअखेरपर्यंत द्यायचं, नाहीतर फोनचं टेबल कायमचं. ह्यांना ते टेबल म्हणजे शिक्षा वाटायची. घरी येऊन हे नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. दाराच्या बिजागरीला तेल घाल, पंख्याचा नट आवळ, नळ खोलून पुन्हा बसव. मी एकदा म्हटलं, "अहो, आता मला तेवढं खोलायचं बाकी ठेवलंय."

मग ते बिनसुईचं ॲक्युपंक्चर आलं. बाईंच्या दवाखान्यात त्याचा अभ्यास चालला होता. मी कपडे दुरुस्तीचं काम करते, दिवसभर माझ्या बोटांत सुई असते, त्यामुळे ॲक्युपंक्चर म्हटल्यावर मला काही वाटलं नाही. चेहरा पडला तो ह्यांचा. रोज चार वेळा स्वतःला टोचून घेणारा माणूस, पण दुसऱ्याच्या हातातली सुई नको. सुई नाहीच, फक्त चिकटपट्ट्या आणि बारीकसा करंट, असं बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे मान हलवली. करंट म्हणजे घरचाच माणूस.

काडेपेटीएवढी दोन यंत्रं मिळाली. एकाच्या पट्ट्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावायच्या, दुसऱ्याच्या गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला. सिस्टरने पेनने गोल काढून जागा दाखवून ठेवल्या. दोन्ही जेवणांनंतर अर्धा-अर्धा तास. चकती हळूहळू फिरवायची आणि मुंग्या आल्यासारखं वाटलं की थांबायचं, दुखता कामा नये. चार आठवडे खऱ्या जागा आणि चार आठवडे भलत्याच, पण आधी कुठल्या ते सांगणार नाहीत. कुणाला नुसत्या आशेनेच बरं वाटतं, ते वेगळं काढायचं म्हणे. मला ही लपवाछपवी अजिबात आवडली नाही, पण मला कोण विचारतंय? माझ्याकडे वही दिली. काय खाल्लं, किती वेळा उलटी झाली, साखर किती, मुंग्या येतात का, सगळं मी लिहायचं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "मुंग्या येतात का?"

"मनगटाला येतात. पायाच्या वायरीत फॉल्ट आहे."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी वायर बदलली. तिसऱ्या दिवशी सेल बदलले. मग पट्ट्या पुसल्या, नडगीवरचे केस काढले, जोड घासून चकचकीत केले. दवाखान्याचं यंत्र असं उघडायचं नसतं, हे मी दहादा सांगितलं. "सव्वीस वर्षं फॉल्टच शोधतोय मी," हे म्हणाले, "तू बटणं लाव." चकती मात्र रोज थोडी वर जात होती. तिच्यावर दहापर्यंत आकडे होते आणि मनगटाचं यंत्र तीनवर थांबायचं. पायाचं सहा, सात, नऊ. मी वहीत काय लिहू म्हणून विचारलं की हे म्हणायचे, "लिही, येतात. नाहीतर अभ्यासातून काढून टाकतील." मीही लिहीत गेले. खोटं लिहिताना हात कापला वगैरे काही नाही. पत्र मिळायला हवं होतं, बस.

दहाव्या दिवशी, रविवारी, दुपारचं सूप आणि उकडलेला बटाटा खाऊन हे मीटर घेऊन बसले. पायाच्या पट्टीच्या तारेला मीटर लावला, चकती फिरवली, काटा बघितला. पुन्हा फिरवली, पुन्हा बघितला. मग मीटर बाजूला ठेवला.

"सापडला का फॉल्ट?"

"करंट येतोय," हे म्हणाले. "बरोब्बर येतोय."

मला खरंच काही कळलं नाही. मी शिवणाच्या मशीनवरून उठले, ह्यांच्या पायाच्या पट्ट्या काढल्या आणि माझ्या नडगीवर लावल्या. हे "अगं थांब" म्हणेपर्यंत मी बटण दाबलं होतं. चकती नऊवर होती. माझा पाय असा उडाला की समोरचं स्टूल कलंडलं आणि मी किंचाळले. पट्ट्या ओरबाडून काढल्या, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग माझं लक्ष ह्यांच्या पायाकडे गेलं. डाव्या नडगीवर पट्टी जिथे होती तिथे लालभडक गोल उठला होता आणि मधोमध नखाएवढा फोड. फुटलेला. कधी फुटला कुणास ठाऊक.

"हे दुखत नाही?"

हे माझ्याकडे न बघता स्टूल उचलून सरळ करू लागले.

"अहो, मी काय विचारतेय? पाय बधिर झालाय का? कधीपासून?"

"वर्ष होईल. आधी बोटं गेली, मग तळवा. बधिरपणा इतका वर चढला असेल असं नव्हतं वाटलं."

मला भयंकर राग आला. वर्षभर हा माणूस ज्या पायांवर त्या वंगणाच्या लोखंडावर उभा राहिला, ते पाय त्याला कळत नव्हते. रस्त्यात ह्यांची चप्पल पायातून सुटून मागे राहायची आणि हे तसेच चार पावलं पुढे जायचे. मी हसायचे. चपलेला दावं बांधा म्हणायचे. माझीच जीभ मला टोचायला लागली.

"बाईंना सांगायला हवं," मी म्हटलं.

"सांगितलंस तर संपलं. पत्र साखरेचं मागितलंय, पायाचं नाही. पत्र होऊ दे. मग तू म्हणशील तिथे पाय दाखवतो." आणि मग अगदी हळू म्हणाले, "त्या फोनपाशी मी मरून जाईन गं."

मी तोंडाला कुलूप लावलं. चकती तीनच्या वर न्यायची नाही आणि फोडाला मलम लावायचं, एवढं मात्र कबूल करून घेतलं.

गंमत अशी की पोट सुधारायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात रोजच्या उलट्या आठवड्यातून एकीवर आल्या. साखर सलग बारा दिवस एकदाही खाली घसरली नाही. हे अर्ध्या टोस्टवरून दोनवर आले, वर अंडं मागायला लागले. जागा खऱ्या होत्या की भलत्या, मनगटामुळे झालं की पायामुळे की नुसत्या आशेने, देव जाणे. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण बरं लिहिलेला प्रत्येक दिवस ह्यांना त्या टपाच्या जवळ नेत होता. कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड केला आणि दुसरा तसाच ठेवला. ती बाई पँट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्यावरच डाफरले.

चौथ्या आठवड्यात ह्यांचा जोडीदार घरी आला. जाड चष्म्यामुळे त्याला सगळे ढापण्या म्हणतात, तोही स्वतःला तेच म्हणतो. हे वर टपावर आणि तो खाली खड्ड्यात, अशी त्यांची पंधरा वर्षांची जोडी. चहा घेताना तो म्हणाला, "वहिनी, लवकर पाठवा ह्यांना. नवीन माणूस दिलाय, परवा त्याच्या पायाचा धक्का लागून पाना खाली आला. माझ्या कानाजवळून गेला. दादा वर असले की मी खाली बिनघोर असतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कपात बघत होते. "येतोय," हे म्हणाले, "पुढच्या सोमवारी येतोय."

ढापण्या गेल्यावर मी भांडले नाही. भांडायचं सगळं आतल्या आत झालं होतं. नवरा पडेल ही भीती मी कशीबशी गिळली असती, तो ह्यांचा हट्ट आणि माझं नशीब. पण खाली तो चष्मेवाला मान वर करून उभा असतो, आणि त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

शुक्रवारी दवाखान्यात गेलो. बाईंनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि मनापासून खूश झाल्या. लेटरहेड पुढे ओढलं. हे खुर्चीच्या कडेवर बसले होते, परीक्षेचा निकाल लागल्यासारखे. मी पर्सची चेन उघडत होते, लावत होते, उघडत होते.

"पायाला मुंग्या व्यवस्थित येतात ना?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"येतात की," हे म्हणाले.

"नाही येत," मी म्हणाले. "वहीत मी खोटं लिहिलंय. डाव्या पायावर फोड आहे, तो बघा."

हे माझ्याकडे वळले. तेवीस वर्षांत ह्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. "हिला काय कळतंय," एवढंच म्हणाले. माझे कान तापले, पण मी नजर खाली घातली नाही.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. फोड बघितला. ह्यांना तपासणीच्या पलंगावर झोपवलं, मोजे काढायला लावले, आणि कापसाचा बारीक बोळा हातात घेतला. "डोळे मिटा. कापूस लागला की 'हो' म्हणा. घाई नाही."

मांडीला कापूस लागला. "हो." गुडघ्याला लागला. "हो." नडगीला लागला तेव्हा हे गप्प राहिले. बाईंनी कापूस उचलला, आणि मग हे म्हणाले, "हो."

बाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी मला डोळ्यांनीच खूण केली, बोलू नका.

"हो," हे म्हणाले. मध्ये मनातल्या मनात तीन आकडे मोजत असावेत, इतकं सारखं अंतर. "हो." कापूस बाईंच्या मांडीवर होता. "हो." ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. सगळ्या इमारतींच्या लिफ्टचे आवाज ओळखणारा हा हुशार माणूस, आमच्या दोघींच्या समोर डोळे घट्ट मिटून, कुणीही न विचारलेल्या प्रश्नाला हो हो म्हणत होता. माझा महिनाभराचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला ते ऐकवेना. मी उठले, पलंगाच्या पायथ्याशी गेले आणि ह्यांच्या उघड्या पावलावर माझा तळहात ठेवला. पाऊल गार होतं. मी हात तसाच ठेवला.

हे "हो" म्हणायचे थांबले. खोली शांत झालेली ह्यांच्या लक्षात आली असावी. जरा वाट बघून, डोळे न उघडता, हे म्हणाले, "थांबलात का, डॉक्टर? लावा की. मी तयार आहे."